कल्पित साम्राज्याचा सीमाप्रांत रचताना

पहिल्या बैठकीत राजाचे नाव ठरवू नये, वंशावळ तर मुळीच मांडू नये. एखाद्या कल्पित प्राचीन साम्राज्याच्या सीमाप्रांताचा इतिहास रचायचा असेल, मग तो कादंबरीसाठी असो, एखाद्या खेळासाठी असो किंवा स्वतःच्या हौसेसाठी असो, कोऱ्या कागदावर आधी एक नदी काढावी, तिच्या दोन्ही काठांची जमीन कशी आहे ते लिहावे आणि त्या जमिनीतून बैलगाडी कोणत्या महिन्यात चालते व कोणत्या महिन्यात रुतते याचा हिशेब मांडावा. राजे पुढे आपोआप येतात. राजधानीचा इतिहास सिंहासनाभोवती लिहिता येतो. कडेच्या मुलखाचा इतिहास मात्र वाट, पाणी आणि वसुली यांच्यावर उभा राहतो, आणि ज्याने या तीन गोष्टी नीट ठरवल्या त्याला लढाया शोधत हिंडावे लागत नाही.

हे मी मराठवाड्यात बसून लिहीत आहे आणि उदाहरणेही बहुतेक इथलीच देणार आहे. पैठण, देवगिरी आणि औरंगाबाद यांच्या वैभवाचा काळ वगळला, तर हा मुलूख बराच काळ कोणाच्या ना कोणाच्या कडेला राहिला: कधी निजामशाही आणि मोगल यांच्यामध्ये, कधी निजाम आणि पेशवे यांच्यामध्ये, तर शेवटी निजाम आणि इंग्रज यांच्या सरहद्दीवर. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मोगलाई’, म्हणजे निजामाचा, आणि ‘इंग्रजी’ हे दोन मुलूख असत, आणि परंड्याहून बार्शीच्या बाजाराला जाणारा माणूस एका मुलखातून दुसऱ्यात जात असे. सीमाप्रांत म्हणजे काय हे समजण्यासाठी आम्हाला कल्पनेला फारसा ताण द्यावा लागत नाही. सोबत एक खोटा प्रांतही घडवत जाऊ. साम्राज्याचे नाव शालंक, त्याची राजधानी नदीच्या पूर्वेला दूरवर, आणि आपला प्रांत नदीच्या पश्चिम काठावर. प्रांतातील मुख्य बाजारगावाचे नाव तिवाटे, कारण तिथे तीन वाटा मिळतात.

अंतर दिवसांत मोजावे

नकाशावर किलोमीटर लिहिण्याचा मोह आवरावा. प्राचीन माणूस अंतर दिवसांत मोजत असे आणि त्या मोजणीत जमिनीचा स्वभावही आपोआप येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेकडे २० दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, पूर्वेकडे १० दिवसांवर असल्याचे म्हटले आहे. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते आणि पैठण ते तेर दीडशेच्या आसपास, म्हणजे दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटर इतकीच सरळ चाल पडते. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांत भरून धड वाट नसलेल्या मुलखातून बंदराकडे जात असे, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या कल्पित व्यापाऱ्यालाही याच चालीने चालवावे.

या नोंदीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यातली चूक. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. लेखक बहुधा तिथवर गेला नसावा. बंदरावर गाडीवानांकडून जे ऐकले ते त्याने टिपले असावे. कल्पित प्रांताबद्दल परदेशी प्रवाशाची साक्ष लिहिताना अशी एखादी चूक जाणूनबुजून ठेवावी, आणि ती चूक कोणत्या तोंडून आली असेल हे स्वतःपुरते ठरवून ठेवावे. तिवाट्याबद्दल आपला प्रवासी लिहील की ते डोंगरावर आहे. प्रत्यक्षात ते सपाटीवर आहे; पण बंदरावरच्या हमालांनी त्याला घाट चढण्याचे हाल इतके रंगवून सांगितले की त्याने गावच डोंगरावर नेऊन ठेवले.

अंतरावरून बातमीचा वेग ठरतो, आणि सीमाप्रांतात बातमीच्या वेगाइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद करून राजधानी इकडे आणली. त्याच्याच कारकिर्दीत आलेला इब्न बतूता दिल्ली ते दौलताबाद हा प्रवास ४० दिवसांचा असल्याचे सांगतो. सरकारी डाक याहून वेगाने जात असे, हे खरे, पण सैन्य, खजिना आणि नवा सुभेदार यांना हे ४० दिवस चुकत नसत. आपल्या शालंक साम्राज्यात सम्राट वारला, तर तिवाट्याच्या टांकसाळीत पुढचा महिनाभर मेलेल्या राजाच्या नावाचे नाणे पडत राहील. सम्राट ज्येष्ठात वारला तर हा काळ आणखी वाढेल, कारण काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक फिरत नाही आणि नदीला उतार मिळत नाही.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो ते आपट्याची पाने वाटून. पण त्या शब्दामागे हेच वेळापत्रक आहे. पावसाळ्यात सैन्य छावणीला, दसऱ्यानंतर मोहिमेवर. इथल्या मोठ्या लढायांचे महिने पाहावेत: वैजापूरजवळचे पालखेड १७२८ च्या फेब्रुवारीत, उदगीर १७६० च्या फेब्रुवारीत, खर्डा १७९५ च्या मार्चमध्ये. अपवाद राक्षसभुवनचा, १७६३ च्या ऑगस्टमधला, आणि त्या अपवादातही निकाल पाण्यानेच लावला. गोदावरीला पूर होता; निजाम नदी ओलांडून गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर सैन्यासह अलीकडच्या काठावर राहिला, आणि माधवराव पेशव्याने त्याला तिथेच गाठले. कल्पित प्रांतातील प्रत्येक लढाईला आधी महिना द्यावा, मग नदीची पातळी द्यावी, सेनापती शेवटी द्यावा.

आणखी एक हिशेब याच लढायांवरून करता येतो. १७२८ ते १७९५ या ६७ वर्षांत या सरहद्दीवर लक्षात राहणाऱ्या लढाया अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. बाकीच्या वर्षांत लोक पेरत होते, लग्ने लावत होते आणि वसुलीवरून भांडत होते. दर पानाला वेढा घालणाऱ्यांनी हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

नाव कोणी ठेवले

आपल्या प्रांताला शालंक दरबारात ‘पैलथडी’ म्हणतात. थडी म्हणजे नदीकाठ. गोदावरीकाठच्या पट्ट्याला आपण गंगथडी म्हणतो तीच. पण पैलथडी हे नाव नदीच्या पूर्वेला उभ्या असलेल्या माणसालाच सुचू शकते. प्रांतात राहणाऱ्याला स्वतःचे घर ‘पैल’ कसे वाटेल? ते लोक आपल्या मुलखाला ‘काळवट’ म्हणतात, जमिनीच्या रंगावरून. दोन्ही नावे इतिहासभर शेजारी शेजारी चालू द्यावीत: ताम्रपटात आणि सरकारी हुकुमात पैलथडी, जात्यावरच्या ओवीत काळवट. निजामाच्या कागदोपत्री मोमिनाबाद असलेले गाव लोकांच्या तोंडी आंबेजोगाईच राहिले, आणि उस्मानाबादच्या दप्तराखाली धाराशिव हे नाव जिवंत राहून अखेर २०२३ मध्ये दप्तरातही आले. कोणत्या पिढीत, कोणत्या माणसाच्या तोंडी, कोणते नाव येते एवढ्यावरून तो कोणाच्या पगारावर आहे हे वाचकाला कळते. वेगळे सांगण्याची गरज पडत नाही.

गावांची सगळी नावे एकाच भाषेतून घडवली तर प्रांत काल वसवल्यासारखा दिसतो. काही नावे अशी ठेवावीत की ज्यांचा अर्थ तिथल्या लोकांनाही लागत नाही, आणि त्यांनी त्यावर एखादी बनावट कथा रचलेली आहे.

माफीपत्रातून मागणी वाचावी

आता साधनांकडे येऊ, कारण इतिहास म्हणजे शेवटी कोणीतरी, काही हेतूने, कुठेतरी लिहून ठेवलेला मजकूर. नवखे लेखक सम्राटाची प्रशस्ती रचतात: त्याने अमुक समुद्राचे पाणी घोड्यांना पाजले, तमुक राजांचे मुकुट पायाशी लोळवले. प्रशस्ती एखादी असावी. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात मुलाच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी कोरवलेली प्रशस्ती वाचताना त्या वृद्ध राजमातेचा आवाज ऐकू येतो, हे खरे. पण सीमाप्रांतासाठी याहून उपयोगी कागद म्हणजे दानपत्र, आणि दानपत्रातही माफीचा भाग.

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेला ताम्रपट पाहावा. एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्यावर राजा सांगतो की या गावात सैनिकांनी शिरू नये. गावाने गाई-बैल देऊ नयेत, फुले आणि दूध देऊ नये. चारा, कातडी आणि कोळसा पुरवू नये. मिठाबद्दल काही देणे लागू नये. सर्व प्रकारच्या वेठीतून गाव मोकळे. ही यादी उलटी करून वाचली की ज्या गावांना दान मिळाले नाही त्यांचे जगणे समोर उभे राहते: सैनिक शिरत होते, दूध आणि कोळसा जात होता, माणसे वेठीला धरली जात होती. शेवटी राजा अटीही घालतो. या ब्राह्मणांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. ज्याची भीती वाटते त्याच्याबद्दलच माणूस अट घालतो.

म्हणून आपल्या प्रांतासाठी प्रशस्तीआधी एक माफीपत्र लिहावे. मी पैलथडीतील घागरवाडी या गावासाठी लिहिलेले असे आहे:

‘हे गाव देवळाच्या दिव्यासाठी दिले आहे. येथे शिबंदीने मुक्काम करू नये. घाट दुरुस्त करण्यासाठी येथून माणसे नेऊ नयेत. घोड्यांसाठी कडबा मागू नये. नदीपलीकडून आलेल्या दूतांचे जेवण या गावावर टाकू नये. गावकऱ्यांनीही सूर्य मावळल्यावर नाव पाण्यात लोटू नये.’

सहा वाक्ये झाली, पण शेवटच्या एका वाक्यात घागरवाडीचा खरा धंदा उघडा पडतो. रात्री नाव लोटली जाते, माल जकात चुकवून पलीकडे जातो, हे राजधानीला ठाऊक आहे आणि ते थांबवण्याची ताकद तिच्यात नाही. निजाम राजवटीतील जकातीला ‘करोडगिरी’ म्हणत, आणि सरहद्दीवरच्या गावांना करोडगिरीचा नाका कुठे आहे याइतकेच तो कुठे नाही हेही पाठ असे. आपल्या प्रांतात नाका काढताना त्याला वळसा घालणारी पायवाटही त्याच दिवशी काढावी.

माफीपत्राच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. वाकाटकांच्याच वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे वाशिमचा, दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ३७ व्या राज्यवर्षातील ताम्रपट नांदेडकडील एका गावाच्या दानाचा आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि कामाचा मजकूर मुख्यतः प्राकृतात. थाटमाट एका भाषेत, व्यवहार दुसऱ्या भाषेत. शालंकांचे हुकूमही असेच दुभंगलेले ठेवावेत, आणि काळवटातील एखाद्या लेखनिकाला वरचा भाग कळतच नाही, तो नुसता नक्कल करतो, असे दाखवावे. नकलेतल्या चुका पुढच्या पिढीतल्या संशोधक पात्राला कामाला येतात.

दोन धनी, दोन नाणी

सीमाप्रांताची सरहद्द रेघेसारखी काढणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मीही केली आहे. माझ्या पहिल्या प्रांतात नदीच्या एका बाजूला साम्राज्य होते, दुसऱ्या बाजूला रानटी शत्रू, आणि मध्ये दर दहा वर्षांनी लढाई. एका मित्राने तो आराखडा वाचून एकच प्रश्न विचारला, ‘यांचं मीठ कुठून येतं?’ समुद्र साम्राज्याच्या हद्दीत नव्हताच. म्हणजे माझ्या शूर सीमारक्षकांच्या ताटातले मीठ शत्रूकडून येत होते आणि ते कोण आणते याचा मी विचारच केला नव्हता. दख्खनमध्ये हे काम लमाणांच्या तांड्यांनी केले. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून ते दोन्ही बाजूंच्या छावण्यांना पुरवीत, आणि दोन्ही बाजूंना त्यांची गरज असल्यामुळे त्यांना सहसा कोणी अडवीत नसे. असा एक फिरता समाज पैलथडीत घातल्याबरोबर माझी सरहद्द सच्छिद्र झाली आणि इतिहास चालू लागला.

वसुलीचेही तसेच. अठराव्या शतकात मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि दहावा हिस्सा सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा १७१९ मध्ये मिळाल्या, आणि मुलूख निजामाचा असला तरी मराठ्यांचे कमाविसदार येऊन आपला वाटा नेऊ लागले. या दुहेरी अंमलाला ‘दुअंमल’ असा शब्दच रूढ झाला. तिवाट्याच्या पाटलाला दोन वसुलीदारांना तोंड द्यावे लागते, एवढे ठरवले की बरीच दृश्ये आपोआप लिहिली जातात: कोणाला आधी जेवायला घालायचे, कोणाला कोणते पेव दाखवायचे, आणि ज्वारीने भरलेले तिसरे पेव गोठ्याच्या खाली आहे हे घरात किती जणांना माहीत असावे. शालंकांचा अंमलदार सारा मोठ्या पायलीने मोजून घेतो आणि शिबंदीचा शिधा लहान पायलीने मोजून देतो. दोन्ही पायल्यांवर सम्राटाचा एकच शिक्का आहे.

नाण्यांसाठी नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचा साठा डोळ्यांपुढे ठेवावा. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. एका बाजूला नहपानाचा मुखवटा आणि त्याच्या गालावर उमटलेली तीन कमानींची टेकडी, कडेला ग्रीक अक्षरांचे अवशेष. नव्या राजाने नाणी वितळवून नवी पाडली नाहीत, जुन्या राजाच्या तोंडावरच शिक्का मारला. यात घाई आहे आणि अपमानही आहे. असे एक नाणे कल्पित इतिहासात असावे, आणि ते राजधानीच्या खजिन्यात न ठेवता एखाद्या म्हातारीच्या बटव्यात ठेवावे. दोन चलने शेजारी चालत असतील तर त्यांचा बट्टाही ठरवावा. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा दर सात हालीला सहा कलदार असा होता, आणि सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याला हा हिशेब झोपेतही यावा लागे.

जमिनीत काय उरते

प्रांताच्या इतिहासाचा एक भाग पुरलेला असावा. आमच्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, शेणाने आणि पडलेल्या भिंतींनी वस्तीची माती पांढरी होते. माळवदावर घालायला हीच माती लागते. ती आणायला लोक गावाजवळच्या जुन्या टेकाडावर जातात आणि फावड्याच्या टोकाला कधी मणी लागतो, कधी मातीची बाहुली. तेरच्या अशा वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांच्या घराण्याने जमवल्या आणि त्यांतून त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय तिथे उभे राहिले. कल्पित प्रांतातील शोध राजधानीच्या विद्वानाने लावण्याऐवजी छप्पर शाकारणाऱ्या माणसाने लावला तर तो अधिक खरा वाटतो.

कारागिरांची नावे मात्र मोजकीच द्यावीत, आणि ती अनपेक्षित जागी द्यावीत. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेल्या यक्षाच्या हातावर ‘कण्हदास सोनाराने केला’ अशा अर्थाचा लेख आहे. मूर्ती दगडाची आणि घडवणारा सोनार, एवढ्यानेच त्या माणसाबद्दल दहा प्रश्न मनात येतात, आणि त्यांतले नऊ अनुत्तरित ठेवले तरी चालतात.

कागदपत्रे कुठे आहेत हेही ठरवावे. मराठवाड्याच्या निजामकालीन नोंदी शोधायला आजही हैदराबादच्या दप्तराकडे जावे लागते आणि उर्दू वाचणारा सोबत न्यावा लागतो. काळवटातील माणसाला आपल्या आजोबांच्या शेताचा पुरावा हवा असेल, तर त्यानेही नदी ओलांडून ४० दिवस चालत जावे आणि परक्या भाषेतले आपलेच नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.

शेवट कसा लिहावा याबद्दल थोडेसे. साम्राज्य कोसळते तो दिवस राजधानीत असतो. सीमाप्रांतात तसा दिवस सहसा नसतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची सत्ता गेली, तरी हाली रुपया पुढे काही वर्षे बाजारात फिरत राहिला आणि इनामाच्या वादात निजामाच्या काळचा मुंतखब, म्हणजे इनामाचा सरकारी दाखला, पुढे येतच राहिला. पैलथडीतही शालंकांचे सैन्य एका पावसाळ्याआधी पूर्वेला गेले आणि दसऱ्याला परत आले नाही, इतकेच घडू द्यावे. नाक्याचे छप्पर दोन वर्षांत बसले, त्याची लाकडे घागरवाडीच्या होड्यांना लागली. तिवाट्याच्या बाजारात मोठी पायली फोडून टाकण्यात आली आणि लहान पायली तशीच राहिली; पुढे शालंक कोण हे कोणाला सांगता येईना, पण पाहुण्याला अर्धपोटी उठवणाऱ्या घराला गावात अजून ‘सरकारी पायली’ म्हणतात.